इन्स्टाग्रामची खरेदी: बोली १०० कोटींची, पावती ७१.५ कोटींची

९ एप्रिल २०१२, सोमवार. फेसबुक इन्स्टाग्राम विकत घेत आहे अशी घोषणा मार्क झुकरबर्ग यांनी केली आणि दिवसभर एकच आकडा सगळीकडे फिरला: १०० कोटी डॉलर. कंपनीत माणसं तेरा, ॲपचं वय दीड वर्ष, वापरकर्ते सुमारे तीन कोटी आणि उत्पन्न शून्य. फोटोला जुनाट रंग चढवणाऱ्या ॲपसाठी एवढा पैसा मोजणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का, अशी चर्चा त्या आठवड्यात भरपूर झाली. आज तोच सौदा कवडीमोल भावात झालेली खरेदी म्हणून सांगितला जातो. दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत. मुळात १०० कोटी डॉलर कोणी कोणाला दिलेच नाहीत.

या प्रकरणात एकाच कंपनीला पाच-सहा जणांनी आपापली फूटपट्टी लावली: विकत घेणाऱ्याने, गुंतवणूकदारांनी, हिशेबनिसांनी, दोन देशांच्या स्पर्धा-नियामकांनी आणि शेवटी न्यायालयाने. कोणाची पट्टी कुठे तोकडी पडली हे आकड्यांसकट पाहिलं की सौदा नीट समजतो.

विकायला होतं काय?

इन्स्टाग्रामचे सहसंस्थापक केविन सिस्ट्रम यांनी आधी 'बर्बन' नावाचं चेक-इन ॲप बनवलं होतं. आपण कुठे आहोत हे मित्रांना सांगायचं, बेत आखायचे, फोटो टाकायचे, असं बरंच काही त्यात होतं आणि म्हणूनच ते कोणाला धड कळत नव्हतं. सिस्ट्रम आणि दुसरे सहसंस्थापक माइक क्रीगर यांनी त्यातलं फोटो, कमेंट आणि लाइक एवढंच ठेवलं आणि बाकी सगळं काढून टाकलं. साधारण आठ आठवड्यांत नवं ॲप उभं राहिलं आणि ६ ऑक्टोबर २०१० रोजी फक्त आयफोनसाठी बाहेर आलं. पहिल्याच दिवशी २५ हजार लोक आले.

त्या दिवशी सगळा भार लॉस एंजेलिसमधल्या एकाच सर्व्हरवर होता आणि त्याची ताकद चांगल्या लॅपटॉपपेक्षाही कमी होती. तो धापा टाकायला लागला, त्यामागच्या कारणांतलं एक अगदी किरकोळ होतं. ब्राउझर प्रत्येक साइटकडे 'फेविकॉन' नावाची चिमुकली चित्रफाइल मागतो. ती फाइल सर्व्हरवर ठेवायचीच राहिली होती. त्यामुळे अशी प्रत्येक मागणी थेट जँगो या वेबसॉफ्टवेअरवर लिहिलेल्या ॲप्लिकेशनपर्यंत जायची, तिथे 'सापडत नाही' अशी चूक नोंदवली जायची आणि तेवढी ताकद वाया जायची. काही दिवसांतच सगळा संसार ॲमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवण्यात आला.

फिल्टरची चर्चा खूप झाली, पण फिल्टर इतरही ॲपमध्ये होते. हिपस्टामॅटिक तर आधीपासून होतं. इन्स्टाग्रामची खरी कमाई वेगात होती आणि तो वेग युक्तीने मिळवलेला होता. फिल्टर निवडला की फोटो मागच्या मागे चढायला लागायचा. माणूस कॅप्शन टाइप करत असताना निम्मं काम उरकलेलं असायचं. शेवटी 'झालं' दाबलं की फोटो लगेच पोहोचल्यासारखा वाटायचा. तेव्हाच्या मोबाइल नेटवर्कवर हा फरक ठळक जाणवत होता. त्यातच फोटो चौकोनी आणि ६१२ बाय ६१२ पिक्सेलचा, म्हणजे फाइल लहान. लाइक दाबल्यावरही सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता हृदय आधी रंगायचं आणि निरोप मागून जायचा.

पडद्यामागची रचनाही तशीच काटकसरीची होती. २०११ मध्ये सेकंदाला २५ फोटो आणि ९० लाइक येत होते, त्यामुळे माहिती एका डेटाबेसमध्ये मावेना. मग पोस्टग्रेस या डेटाबेसचे हजारो तार्किक तुकडे पाडून ते थोड्याच यंत्रांवर वाटले. प्रश्न असा की प्रत्येक फोटोला एकमेव क्रमांक द्यायचा कसा? त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारली असती तर सांभाळायला आणखी एक गोष्ट वाढली असती. त्यांनी ६४ बिटांचा क्रमांक डेटाबेसमध्येच तयार केला: पहिले ४१ बिट मिलिसेकंदांतली वेळ, पुढचे १३ बिट कोणता तुकडा ते, उरलेले १० बिट चढता अनुक्रम. क्रमांक बघितला की फोटो कधी चढला आणि कुठे ठेवला आहे हे दोन्ही कळायचं, आणि वेळेनुसार क्रम लावायला वेगळी खटपट उरत नव्हती. मूठभर इंजिनिअर कोट्यवधी लोकांना पुरले ते अशा निर्णयांमुळे. ३ एप्रिल २०१२ रोजी अँड्रॉइडवरचं ॲप आलं आणि एका दिवसाच्या आत दहा लाख लोकांनी ते उतरवून घेतलं, तरी गाडा चालत राहिला. सहा दिवसांनी कंपनी विकली गेली.

घेणाऱ्याच्या पोटातलं दुखणं

फेसबुक तेव्हा शेअर बाजारात उतरायच्या तयारीत होतं. त्यासाठी भरलेल्या कागदपत्रांत कंपनीने स्वतःच लिहिलं होतं की मोबाइलवरून आपल्याला म्हणावं असं थेट उत्पन्न मिळत नाही. २०११ च्या अखेरीस महिन्याला ८४.५ कोटी लोक फेसबुक वापरत होते, त्यांतले ४२.५ कोटी मोबाइलवरून. म्हणजे निम्मं गिऱ्हाईक अशा दारातून येत होतं जिथे गल्लाच नव्हता. भरीस भर म्हणून फेसबुकचं मोबाइल ॲप संथ होतं. वरून ॲप आणि आत वेबपान, असा तो प्रकार. आयफोनसाठीचं ॲप नव्याने लिहून ऑगस्ट २०१२ मध्ये बाहेर आलं आणि वेबतंत्रावर एवढा भरवसा ठेवणं ही कंपनीची मोठी चूक होती, अशी कबुली झुकरबर्ग यांनी सप्टेंबरमध्ये दिली.

दुसरीकडे, फेसबुकवर लोक सर्वांत जास्त रमत ते फोटोंमध्ये. फोनमधला कॅमेरा सुधारत चालला होता आणि नेमकं तेच काम एक छोटी कंपनी जास्त झटपट करत होती.

फेब्रुवारी २०१२ च्या अखेरचा ईमेल-व्यवहार २०२० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने उघड केला. त्यात झुकरबर्ग वित्तप्रमुख डेव्हिड एबर्समन यांना विचारतात की इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या विकत घ्याव्यात का. एबर्समन हेतू विचारतात: संभाव्य स्पर्धक निष्प्रभ करायचा आहे, माणसं मिळवायची आहेत, की आपलं उत्पादन सुधारायचं आहे? उत्तराचा आशय असा, की स्पर्धक निष्प्रभ करणं आणि उत्पादन सुधारणं या दोन्हींचं मिश्रण. त्यापुढचा युक्तिवाद जास्त महत्त्वाचा आहे. सामाजिक ॲपमध्ये नव्याने शोधता येतील अशा क्रिया मोजक्याच असतात. एखादीवर कोणी पाय रोवले की त्याला त्याच क्रियेवर मागे टाकणं कठीण. म्हणून अशी कंपनी घेणं म्हणजे वेळ विकत घेणं.

तासाभराच्या आत झुकरबर्ग यांचा आणखी एक ईमेल गेला: स्पर्धा रोखण्यासाठी खरेदी करायची असं आपल्याला सुचवायचं नव्हतं. आधीचा ईमेल वकिलांच्या नजरेतून पुन्हा वाचला की हा दुसरा का लिहिला गेला असावा याचा अंदाज येतो. त्याने पहिला पुसला मात्र गेला नाही. खरेदी-विक्रीच्या कामात असलेल्या कोणालाही यातून एक गोष्ट व्यवहारात उपयोगी पडेल: हेतू ज्या दिवशी लिहिला जातो त्या दिवशी तो पुरावा बनतो, आणि खुलासा हा दुसरा पुरावा असतो.

ईस्टरच्या सुट्टीतला सौदा

घोषणेच्या थोडे दिवस आधीच इन्स्टाग्रामने सेकोया या गुंतवणूक कंपनीच्या पुढाकाराने ५ कोटी डॉलरची गुंतवणूक घेतली होती, ५० कोटींच्या मूल्यांकनावर. त्यानंतर लगेचच झुकरबर्ग आणि सिस्ट्रम यांची थेट बोलणी झाली, झुकरबर्ग यांच्या पालो आल्टोमधल्या घरी. ८ एप्रिलला ईस्टर होता. सोमवारी घोषणा झाली तेव्हा नव्या गुंतवणूकदारांचा पैसा शाई वाळायच्या आत कागदावर दुप्पट झालेला होता.

एवढा झटपट निर्णय होऊ शकला कारण फेसबुकमधले निम्म्याहून जास्त मताधिकार एकट्या झुकरबर्ग यांच्या हातात होते. ज्या कंपनीत संचालक मंडळाला खरोखर पटवावं लागतं तिथे मूल्यांकनाचे अहवाल, बँकर आणि वकील यांच्यात किमान काही आठवडे जातात.

महाग की स्वस्त, हे बघू. फेसबुकचा २०११ चा निव्वळ नफा १०० कोटी डॉलर होता, म्हणजे किंमत वर्षभराच्या नफ्याएवढी. या बाजूने बघितलं तर धाडसी. आता वापरकर्त्यामागे भाग द्या: १०० कोटी भागिले ३ कोटी, म्हणजे माणशी साधारण ३३ डॉलर. मे महिन्यात फेसबुक स्वतः बाजारात आलं ते सुमारे १०,४०० कोटी डॉलरच्या मूल्यावर. मार्च २०१२ मधले त्याचे मासिक वापरकर्ते ९०.१ कोटी होते, म्हणजे माणशी ११५ डॉलर. (ही तुलना अगदी काटेकोर नाही. इन्स्टाग्रामचा आकडा नोंदणी केलेल्यांचा, फेसबुकचा महिन्याला येणाऱ्यांचा. शिवाय फेसबुक कमावत होतं.) तरीही फेसबुकने आपल्या वापरकर्त्याला जो भाव मागितला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात इन्स्टाग्रामचा वापरकर्ता मिळत होता, आणि ती संख्या आठवड्यागणिक फुगत होती.

शंभर कोटींचे झाले किती?

करारात १०० कोटी हा आकडा बांधलेला नव्हता. ३० कोटी डॉलर रोख आणि फेसबुकचे सुमारे २.३ कोटी शेअर, असं ठरलं होतं. फेसबुक अजून बाजारात नव्हतं, म्हणून शेअरला अंतर्गत मूल्यांकनाप्रमाणे ३० डॉलरच्या आसपास भाव धरला. शेअरचे साधारण ७० कोटी आणि रोख ३०, झाले १०० कोटी.

शेअरमध्ये पैसे घेताना दोन वाटा असतात. एकतर एकूण रक्कम पक्की करायची आणि व्यवहार पूर्ण होईल त्या दिवशीच्या भावाने शेअर मोजून घ्यायचे. किंवा शेअरची संख्या पक्की करायची आणि भाव वर-खाली होण्याची जोखीम विकणाऱ्याने पत्करायची. मधली वाट म्हणून 'कॉलर' लावतात: भाव ठरलेल्या पट्ट्याच्या बाहेर गेला तर शेअरची संख्या बदलते. इथे संख्या पक्की होती आणि कॉलर नव्हती. कंपनी बाजारात उतरायला सव्वा महिना उरला होता आणि भाव वरच जाणार असं जवळपास प्रत्येकजण धरून चालला होता. अशा हवेत विकणाऱ्याला कॉलर नकोशीच वाटते, कारण ती वरचा फायदाही कापते.

१८ मे २०१२ रोजी शेअर ३८ डॉलरला आला. त्या भावाने सौद्याची किंमत ११७ कोटींच्या वर जात होती. पण सौदा पूर्ण व्हायचा होता आणि भाव तर कोसळायला लागला. ३१ ऑगस्टला व्यवहार पूर्ण झाला त्या दिवशी बाजार बंद होताना भाव होता १८.०६ डॉलर. २.३ कोटी शेअर गुणिले १८.०६, म्हणजे सुमारे ४१.५ कोटी. त्यात रोख ३०. एकूण ७१.५ कोटी. ज्यांनी शेअर धरून ठेवले त्यांचं पुढे भलंच झालं. ऑगस्ट २०१३ मध्ये भावाने ३८ ची पातळी ओलांडली आणि नंतर मागे वळून पाहिलं नाही. मात्र तो शेअरच्या गुंतवणुकीचा नफा, कंपनी विकल्याची किंमत नव्हे. या दोन गोष्टी एकत्र करून सांगणारे लेख बरेच आहेत.

विकणाऱ्याचं संरक्षण करारात एका वेगळ्या ठिकाणी होतं. सरकारी यंत्रणेने सौदा अडवला, किंवा १० डिसेंबर २०१२ नंतर कोणत्याही बाजूने करार मोडला, तर फेसबुक इन्स्टाग्रामला २० कोटी डॉलर देणार होतं. जाहीर किमतीच्या पाचव्या हिश्श्याएवढी ही रक्कम मोठीच होती. म्हणजे स्पर्धा-नियामकांची जोखीम खरी आहे हे दोन्ही बाजूंनी पहिल्या दिवशीच मान्य केलं होतं, भावाची जोखीम मात्र कोणी फारशी मनावर घेतली नाही. घडलं नेमकं उलटं.

१४४ दिवसांची वाट

अमेरिकेत ठराविक रकमेवरचा सौदा आधी सरकारला कळवावा लागतो. २०१२ मध्ये ही मर्यादा ६.८२ कोटी डॉलर होती. कळवल्यावर साधारण तीस दिवस थांबायचं. तेवढ्यात शंका फिटली नाही तर फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे एफटीसी, दुसऱ्यांदा आणि सविस्तर माहिती मागवते. अशी मागणी आली की ईमेल, सादरीकरणं, अंतर्गत टिपणं सगळं गोळा करून द्यावं लागतं आणि महिने जातात. इथे तसंच झालं. या काळात दोन्ही कंपन्यांनी वेगळंच राहायचं असतं: मालकाच्या थाटात सूचना द्यायच्या नाहीत, संघ एकत्र करायचे नाहीत, योजनांची देवाणघेवाण करायची नाही. त्याआधी हातात हात घातले तर तो स्वतंत्र कायदाभंग ठरतो. मधल्या काळात, २४ मे रोजी, फेसबुकने स्वतःचं 'फेसबुक कॅमेरा' हे फिल्टरवालं ॲपही बाजारात आणलं. विकत घेतलेल्या कंपनीचा प्रतिस्पर्धी आपणच काढायचा हे विचित्र दिसतं, पण मंजुरी मिळेपर्यंत हातातलं काम थांबवण्याचंही कारण नव्हतं.

ब्रिटनमध्ये ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या स्पर्धा-नियामकाने १४ ऑगस्टला सौदा मोकळा केला. उत्पन्नच नसलेल्या कंपनीला उलाढालीची कसोटी लावता येत नाही, त्यामुळे तिथे पुरवठ्यातल्या वाट्याच्या, म्हणजे बाजारातला किती पुरवठा या कंपन्यांकडे आहे त्या, कसोटीतून प्रकरण तपासावं लागलं. फोटो-ॲप म्हणून पाहिलं तर कॅमेरा प्लससारखे पर्याय होतेच. जाहिरातींच्या बाजारात पाहिलं तर इन्स्टाग्राम फेसबुकला नजीकच्या काळात आव्हान देईल असं दिसत नव्हतं. निष्कर्ष: चिंता नाही. युरोपीय आयोगापर्यंत प्रकरण गेलंच नाही, तिथलंही दार उलाढालीचंच.

नियामकांना दोष देणं आता सोपं आहे. पण जो बाजार समोर दिसत होता तो त्यांनी बरोबर मोजला होता. चुकलं ते एवढंच की त्यांच्या पट्टीवर उत्पन्न आणि वाटा यांच्याच खुणा होत्या, वेगाची नव्हती. कागद वाचून होईपर्यंत इन्स्टाग्रामची नोंदणी एप्रिलमधल्या तीन कोटींवरून जुलैत आठ कोटींवर आणि सप्टेंबरमध्ये दहा कोटींवर गेली.

२२ ऑगस्टला एफटीसीने पाच विरुद्ध शून्य मतांनी चौकशी बंद केली. त्या पत्रातलं एक नेहमीच्या छापाचं वाक्य पुढे फार गाजलं: या निर्णयाचा अर्थ कायद्याचा भंग झालाच नाही असा घेऊ नये, आणि जनहितासाठी गरज पडल्यास पुढे कारवाई करण्याचा हक्क आयोग राखून ठेवत आहे. चौकशी बंद झाल्याचं पत्र म्हणजे कायमचं अभयपत्र नव्हे, हे अनेक वकील आपल्या अशिलांना सांगतात आणि अनेक अशील ऐकत नाहीत.

शेवटची पायरी जराशी अनोखी. भागधारकांना शेअर द्यायचे तर ते शेअर बाजार-नियामकाकडे नोंदवावे लागतात, आणि ते वेळखाऊ काम. कायद्यात एक पळवाट नव्हे, पण आडवाट आहे: राज्याच्या अधिकाऱ्यासमोर जाहीर सुनावणी घ्यायची, व्यवहार भागधारकांना न्याय्य आहे असं त्याने ठरवलं की नोंदणीची गरज उरत नाही. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत कॅलिफोर्नियाच्या कॉर्पोरेशन विभागापुढे ही सुनावणी झाली आणि त्याच दिवशी मंजुरी मिळाली. किंमत तीस टक्क्यांच्या आसपास घसरलेली असतानाही विकणारे तिथे राजीखुशी उभे होते.

ताळेबंदात उतरलेली कंपनी

फेसबुकच्या २०१२ च्या वार्षिक अहवालात खरेदीची किंमत दिसते ५२.१ कोटी डॉलर. मग ७१.५ मधले १९.४ कोटी कुठे गेले? २.३ कोटींपैकी सुमारे १.१ कोटी शेअर नोकरीत टिकण्याच्या अटीवर दिलेले होते. माणूस सोडून गेला तर शेअरही गेले. हिशेबाच्या नियमांनुसार अशी रक्कम कंपनीची किंमत ठरत नाही, तो पगार ठरतो आणि तीन वर्षांत खर्च म्हणून टाकला जातो. स्टार्टअप विकायला निघालेल्यांनी ही विभागणी डोळ्यांत तेल घालून वाचावी. घोषणेत एकच आकडा असतो, पण त्यातला मोठा तुकडा विक्रीचा नसून पुढच्या तीन वर्षांच्या चाकरीचा असू शकतो.

उरलेल्या ५२.१ कोटींची फोडही बोलकी आहे. तंत्रज्ञान सुमारे ७.४ कोटी, नाव आणि इतर गोष्टी ६.५ कोटी, आणि गुडविल, म्हणजे मोजता येणाऱ्या मालमत्तेच्या वर दिलेली रक्कम, तब्बल ४३.३ कोटी. करासंबंधीच्या देण्याची वजावट करून बेरीज जुळते. वर वर्णन केलेलं ६४ बिटांचं गणित, फोटो आधीच चढवण्याची युक्ती, हे सगळं त्या ७.४ कोटींत. बाकी बहुतेक पैसा अशा गोष्टीसाठी दिला जिला हिशेबनिसाकडे नेमकं नाव नव्हतं.

घर बदलताना

घोषणेतच सांगितलं होतं की इन्स्टाग्राम स्वतंत्र वाढवलं जाईल. सर्व्हर हलवायची घाईही केली नाही. ॲमेझॉनवरून फेसबुकच्या डेटा सेंटरमध्ये स्थलांतर पूर्ण व्हायला एप्रिल २०१४ उजाडला. तोवर साठलेले फोटो २,००० कोटींवर गेले होते.

अडचण मजेशीर होती. ॲमेझॉनच्या त्या जुन्या सामायिक व्यवस्थेतले खासगी आयपी पत्ते आणि फेसबुकच्या जाळ्यातले पत्ते एकमेकांवर येत होते. दोन वसाहतींत घरांचे क्रमांक तेच, मग पत्र जायचं कुठे? सरळ उडी मारता येत नव्हती, म्हणून आधी ॲमेझॉनच्याच स्वतंत्र खासगी जाळ्यात जायचं, जिथे पत्ते आपण ठरवू शकतो, आणि तिथून थेट जोडणीने फेसबुककडे. पण जुन्या व्यवस्थेतली यंत्रं आणि नव्या जाळ्यातली यंत्रं एकमेकांशी खासगी वाटेने बोलत नव्हती. त्यासाठी 'नेटी' नावाचा छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला. तो प्रत्येक यंत्रावर बसून फायरवॉलचे नियम सतत बदलत राहायचा. मूळ सॉफ्टवेअरला पत्ता एकच दिसायचा, ते यंत्र भिंतीच्या अलीकडे असो की पलीकडे. पहिली उडी तीन आठवड्यांत झाली आणि दुसरी दोन आठवड्यांत. तयारी मात्र कित्येक महिने चालली होती. फेसबुकच्या यंत्रांवर वेगळ्या प्रकारची लिनक्स कार्यप्रणाली होती, म्हणून इन्स्टाग्रामचा सवयीचा उबुंटू हा लिनक्सचा प्रकार कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, घालून तिथे चालवला. वापरणाऱ्यांना यातलं काहीच कळलं नाही.

इतकी सफाई शब्दांच्या कामात दाखवता आली नाही. १७ डिसेंबर २०१२ रोजी नव्या अटी जाहीर झाल्या आणि त्यातली भाषा वाचून लोकांनी अर्थ काढला की आपले फोटो जाहिरातींसाठी विकले जाणार. तीन दिवसांत कंपनीने जाहिरातींचा भाग २०१० च्या मूळ मजकुरावर परत नेला. गंमत म्हणजे तेव्हा जाहिराती सुरूच झाल्या नव्हत्या, त्या अमेरिकेत नोव्हेंबर २०१३ मध्ये आल्या. ट्विटरने तर जुलै २०१२ मध्येच, सौदा पूर्ण व्हायच्या आधी, ट्विटरवरचे मित्र इन्स्टाग्रामवर शोधण्याची सोय बंद केली होती. डिसेंबरमध्ये इन्स्टाग्रामने ट्विटरमध्ये आपले फोटो थेट दिसणं बंद केलं. स्वतंत्र राहील असं कितीही सांगितलं तरी मालक बदलला की शेजारी आपली दारं तपासून घेतात.

जाहिरातीची यंत्रणा फेसबुकची, स्पॅमविरोधी यंत्रणा फेसबुकची, लक्ष्य ठरवायची माहिती फेसबुकची. न्यायालयात मेटाने (फेसबुक कंपनीचं २०२१ पासूनचं नाव) दिलेल्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये एकट्या इन्स्टाग्रामचं जाहिरात उत्पन्न ३,२४० कोटी डॉलर होतं. हे इन्स्टाग्रामने स्वतःच्या जोरावर कमावलं असतं की नाही, हा वाद मिटणारा नाही. दोन्ही बाजूंना पुरेल एवढा पुरावा आहे.

आठ वर्षांनी पुन्हा चौकशी

९ डिसेंबर २०२० रोजी एफटीसीने फेसबुकवर दावा लावला आणि इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप वेगळे करण्याची मागणी केली. त्याच दिवशी राज्यांनीही वेगळा दावा दाखल केला. राज्यांचा दावा उशीर झाला म्हणून बाद झाला. एफटीसीचा पहिला दावा जून २०२१ मध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी फेटाळला, कारण मक्तेदारीचा आकडा पटेल असा मांडलेला नव्हता. सुधारलेला दावा जानेवारी २०२२ मध्ये तग धरून राहिला आणि खटला उभा राहिला १४ एप्रिल २०२५ रोजी.

२०१२ चे ईमेल पुन्हा वाचले गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये क्रीगर यांच्यासह कंपनी सोडलेले सिस्ट्रम साक्षीला आले. झुकरबर्ग यांना इन्स्टाग्रामची वाढ फेसबुकसाठी धोका वाटत होती आणि पुरेशी माणसं व साधनं दिली गेली नाहीत, असं त्यांनी सांगितलं. २०१८ मधलं एक टिपणही समोर आलं, ज्यात झुकरबर्ग यांनी स्वतःच इन्स्टाग्राम वेगळं काढावं का याचा विचार केला होता. मेटाचं म्हणणं असं, की आपण पैसा आणि यंत्रणा ओतली नसती तर हे ॲप इतकं मोठं झालंच नसतं.

एवढा हेतूचा पुरावा असूनही निकाल हेतूवर लागला नाही. एफटीसीला दाखवायचं होतं की मेटाची मक्तेदारी आज आहे. त्यासाठी आयोगाने बाजार आखला तो मित्र आणि नातलगांशी संपर्क ठेवणाऱ्या ॲपचा: फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट आणि मीवी नावाचं एक लहानसं नेटवर्क. टिकटॉक आणि यूट्यूब त्या कुंपणाबाहेर. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने हे कुंपण मान्य केलं नाही आणि निकाल मेटाच्या बाजूने दिला. टिकटॉक आणि यूट्यूब धरले की मक्तेदारी सिद्ध होत नव्हती. निकालात आधार म्हणून आलेल्या आकड्यांपैकी एक असा: लोक इन्स्टाग्रामवर घालवत असलेल्या वेळापैकी जेमतेम ७ टक्के वेळ मित्रांनी टाकलेल्या गोष्टी बघण्यात जातो. फेसबुकवर १७ टक्के. उरलेला बहुतेक वेळ अनोळखी लोकांचे व्हिडिओ बघण्यात.